रजा कायद्यात, चावी टीम लीडच्या हातात

रात्रीचे पावणेदहा. तुम्ही हिंजवडीतून नुकतेच रूमवर पोचलाय. बाबांचा फोन येतो. आजीला कराडला ॲडमिट केलंय, जमलं तर उद्या ये. फोन ठेवून तुम्ही टीम लीडला मेसेज लिहायला घेता. लिहिता, खोडता, परत लिहिता. 'आजी' हे कारण पुरेसं गंभीर वाटेल ना? 'आई' लिहिलं तर? शेवटी खरं तेच लिहून पाठवता. दोन निळ्या टिक येतात. मग 'टायपिंग…' दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं.

आता तीन उत्तरं बघा.

एक : 'उद्या रिलीज आहे, माहितीये ना?'

दोन : 'ओके.' (या 'ओके'नंतर एसटीत बसलेला माणूस कराड येईपर्यंत विचार करत राहतो, की ते रागाचं होतं की साधं?)

तीन : 'निघ तू. तुझं टेस्टिंग कोणाला माहितीये तेवढं सांग, बाकी मी बघतो. पोचलास की कळव.'

कंपनी तीच, एचआरची पॉलिसी तीच, पोर्टलवर शिल्लक रजाही तेवढीच. तरी तीन माणसांच्या तीन वेगळ्या नोकऱ्या झाल्या. फरक कुठल्या नियमाने पडला नाही, एका माणसाने पडला. आणि त्या माणसाला असं उत्तर कसं द्यायचं हे कोणी कधी शिकवलेलंच नसतं.

आपल्याकडे कामाच्या ताणावर बोलणं सुरू झालं की गाडी लगेच तासांवर येते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले. २०२५ च्या सुरुवातीला 'एल अँड टी'च्या सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं वक्तव्य आलं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार वगैरे. मीम्स झाले, पॅनेल डिस्कशन झाली. त्याच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या दुकानं आणि आस्थापनांमध्ये कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. तीन महिन्यांनी, डिसेंबरात, सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक पुन्हा मांडलं. खासगी विधेयक संसदेत मंजूर झाल्याचं शेवटचं उदाहरण १९७० चं आहे, त्यामुळे त्यातून उद्या कायदा येईल अशी आशा धरून बसू नका.

तास महत्त्वाचे आहेतच. पण २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात जे घडलं ते आठवा. एका बड्या ऑडिट फर्ममध्ये रुजू होऊन चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. सप्टेंबरात तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं आणि देशभर चर्चा झाली. कामगार खात्याचे अधिकारी ऑफिसात पोचले. त्या पत्रात तासांचा उल्लेख होता, पण वाचताना खुपत होतं ते वेगळंच. मॅनेजर क्रिकेट मॅचप्रमाणे मीटिंगा मागेपुढे करतात, दिवस संपता संपता काम हातात देतात, आणि अंत्यविधीला ऑफिसातलं कोणीही आलं नाही. आईने लिहिलेल्या या गोष्टी कुठल्या कायद्याच्या कलमात बसवणार? त्या वागण्याच्या गोष्टी आहेत. वरच्या माणसाच्या रोजच्या वागण्याच्या.

आणि हे वागणं शिकवता येतं का, हा प्रश्न जगात काही लोकांनी फार गांभीर्याने घेतलाय.

लेस्ली हॅमर आणि एलन अर्न्स्ट कोसेक या अमेरिकेतल्या दोन अभ्यासक. 'चांगला बॉस' ही हवेतली गोष्ट त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवर आणली. घरच्या जबाबदाऱ्या असलेल्या माणसाला साथ देणारा बॉस नेमकं काय करतो, हे त्यांनी चार प्रकारच्या वागण्यात मांडलं आणि २००९ मध्ये ते मोजायची पट्टीही प्रसिद्ध केली. पहिलं, ऐकून घेणं. माणूस घरचं काही सांगतोय तेव्हा लॅपटॉपवरून नजर उचलणं, आणि आठवड्याने स्वतःहून 'आजी कशा आहेत?' विचारणं. दुसरं, हाताने होणारी मदत, म्हणजे शिफ्ट बदलून देणं, कॉल अर्धा तास पुढे ढकलणं. तिसरं, स्वतः तसं वागून दाखवणं. सहा वाजता मुलीला पाळणाघरातून आणायला जाणारा लीड गुपचूप सटकला तर उपयोग नाही. 'मुलीला घ्यायला जातोय, उद्या बोलू' असं सगळ्यांसमोर सांगून तो निघाला तर बाकीच्यांना परवानगी मिळते. तोंडी न मागता मिळालेली परवानगी.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. कामाची मांडणीच अशी करायची, की एक माणूस नसला तरी टीम कोसळणार नाही.

या चौथ्यासाठी आपल्याकडचं उदाहरण सांगू? गणपती. कोकणातल्या पोराला गणपतीला घरी जायचंच असतं. तारीख वर्षभर आधी कालनिर्णयमध्ये छापलेली असते. रेल्वेचं बुकिंग खुलं होतं तेव्हा अख्ख्या मुंबईला कळतं. फक्त टीम लीडला कळत नाही. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याला तोच धक्का बसतो : 'अरे, सगळेच जाणार तर काम कोण करणार?' त्यातून मग रजेचं राजकारण, खोट्या तापाचे मेसेज, आणि रत्नागिरीत आरती चालू असताना मागच्या खोलीत लॅपटॉप. जूनमध्ये एक अर्धा तास बसून कोण कधी नाही, कोणाचं काम कोणाला शिकवून ठेवायचं एवढं ठरवलं असतं तर यातलं बरंचसं झालंच नसतं. इथे बॉसचं मन मोठं असायची गरज नाही. एक एक्सेल शीट पुरते.

परत अमेरिकेकडे. या मंडळींनी प्रयोग कुठे केला, तर किराणा माल विकणाऱ्या सुपरमार्केटमध्ये. चकचकीत ऑफिसं सोडून तिथेच का? कारण तिथे आठवड्याचं वेळापत्रक सुपरवायझर लावतो, आणि कॅशियर बाईच्या मुलाला शाळेतून कोण आणणार हे त्या एका कागदावर ठरतं. १२ दुकानं घेतली. सहांतल्या सुपरवायझरना प्रशिक्षण दिलं, सहांतल्यांना दिलं नाही. एकूण २३९ कर्मचारी. प्रशिक्षण काय होतं? कम्प्युटरवर स्वतःच्या गतीने करायचा तासाभराच्या आतला धडा, मग समोरासमोर बसून साधारण सव्वा तासाचं सत्र, आणि त्यानंतर काही आठवडे स्वतःची नोंद. आज मी किती जणांशी कामाव्यतिरिक्त बोललो, कोणाला वेळापत्रकात मदत केली, असं स्वतःच टिपून ठेवायचं. पाच दिवसांचं रिसॉर्ट नाही, डोळ्यांवर पट्टी बांधून 'ट्रस्ट फॉल' नाही. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येत होत्या, त्या कर्मचाऱ्यांमध्ये नोकरीतलं समाधान, नोकरी सोडण्याचा विचार, तब्येत, या सगळ्यावर प्रशिक्षणाचा चांगला परिणाम दिसला.

आता ती गोष्ट, जी प्रशिक्षण विकणारे कन्सल्टंट सहसा स्लाइडवर टाकत नाहीत. ज्यांच्या घरी अशी ओढाताण फारशी नव्हती, त्यांच्यात परिणाम उलटा दिसला. बॉसला शिकवल्यावर त्यांचं बरं व्हायच्या ऐवजी थोडं बिघडलंच.

का? माझा अंदाज सांगतो, आणि तो तुमच्यापैकी अनेकांच्या अनुभवातलाच असेल. 'तुझं काय, तू सिंगल आहेस.' हे वाक्य ऐकलंय ना? टीममधल्या ताईंचं बाळ आजारी आहे, त्या लवकर जाणार. दादांच्या मुलाची दहावी आहे, ते शनिवारी नाही येणार. मग शनिवार कोणाचा? तुमचा. दिवाळीतली ड्युटी कोणाची? तुमची. कारण तुम्ही पीजीत राहता, तुमचं लग्न झालेलं नाही, म्हणजे तुम्हाला जणू घरच नाही. मॅनेजर ताईंशी माणुसकीने वागला आणि त्या माणुसकीचं बिल तुमच्या नावाने फाडलं. अशाने तुम्ही चिडता कोणावर, तर मॅनेजरवर नाही, ताईंवर. आणि मग ऑफिसात 'बायकांना घेतलं की हेच होतं' ही कुजबुज सुरू होते, जी उद्या कुठल्या तरी इंटरव्ह्यूत कुठल्या तरी मुलीला महागात पडते.

म्हणून 'कुटुंब' म्हणजे नेमकं कोण, हे बॉसला शिकवण्याच्या यादीत सगळ्यात वर असायला हवं. नवरा-बायको-बाळ एवढ्यावर आपली घरं थांबत नाहीत. लातूरला एकटी राहणारी आई, डायलिसिसला न्यावे लागणारे काका, सोयाबीनच्या काढणीला आठ दिवस हात हवा असलेले बाबा, बारावीतली बहीण जिला फोनवरून फिजिक्स शिकवायचंय, हे सगळं कुटुंबच आहे. आणि ज्याचं यातलं काहीच नाही त्याचीही संध्याकाळ त्याची स्वतःची आहे. ट्रेकला जायचंय, एमपीएससीचा अभ्यास करायचाय, नुसतं झोपायचंय. कारण 'वजनदार' आहे की नाही हे तपासत बसणारा लीड तुम्हाला खोटं बोलायला शिकवतो. किती आज्या आपल्या आयटीत दोन-दोनदा वारल्यात, मोजायला हवं कोणीतरी.

झोपेचा विषय निघालाच तर आणखी एक अभ्यास ऐका. अमेरिकेतल्या नर्सिंग होम्समध्ये, म्हणजे वृद्ध आणि दीर्घ आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थांमध्ये झालेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. संशोधकांनी मॅनेजरांना विचारलं, कर्मचाऱ्यांच्या घरच्या अडचणींबाबत तुम्ही किती लवचीक असता? आणि कर्मचाऱ्यांच्या मनगटावर झोप मोजणारं यंत्र बांधलं, रक्त तपासलं. ज्यांचे मॅनेजर ताठर होते ते कर्मचारी दिवसाला सरासरी २९ मिनिटं कमी झोपत होते, आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारे दोन किंवा जास्त घटक त्यांच्यात आढळण्याची शक्यता साधारण दुप्पट होती. अर्थात या एका अभ्यासावरून मॅनेजरमुळेच हृदय बिघडतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, एकाच वेळी दोन्ही गोष्टी दिसल्या एवढंच. पण अर्धा तास झोप! इथे लोक तेवढ्यासाठी गाद्या बदलतात.

हॅमर आणि कोसेक ज्या संशोधकांच्या जाळ्यात होत्या, त्याच 'वर्क, फॅमिली अँड हेल्थ नेटवर्क'ने पुढे एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या आयटी विभागात 'स्टार' नावाचा प्रयोग केला. हा तुम्हाला जास्त ओळखीचा वाटेल. एरिन केली आणि फिलिस मोएन यांनी त्यावर 'ओव्हरलोड' हे पुस्तक लिहिलं, २०२० मध्ये आलेलं. कंपनीचं खरं नाव त्यात दिलेलं नाही. तिथले इंजिनीअर कोणत्या गोष्टींनी हैराण होते? माणसं कमी, काम तेवढंच, डेडलाइन वरून आलेली, काम परदेशी जाईल याची भीती, आणि भारतातल्या टीमबरोबरचे पहाटेचे आणि रात्रीचे कॉल. त्या कॉलच्या या टोकाला कोण बसलं होतं ते वेगळं सांगायला नको. पुणे-बंगळूरचे लोक रात्री जेवण थंड करून ज्या कॉलला बसतात, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पहाटे पोरांना झोपेत सोडून बसलेलं असतं.

'स्टार'मध्ये मॅनेजरांना एक छोटं उपकरण दिलं होतं, आयपॉड. ते अधूनमधून वाजायचं आणि विचारायचं, तुम्ही ठरवलेलं साथीचं वागणं आज किती वेळा झालं? ऐकायला बालिश वाटतं. पण आपण पाणी प्यायची आठवण करून देणारं ॲप ठेवतोच की. आणि फक्त मॅनेजरला शिकवून भागवलं नाही. काम कुठून आणि कधी करायचं याचा निर्णय टीमने मिळून घ्यायचा, कोणत्या मीटिंगा फुकट आहेत हे टीमने ठरवायचं, हाही प्रयोगाचा भाग होता. टीम चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून काहींना 'स्टार'मध्ये घेतलं, काहींना नाही, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. 'स्टार'मधल्या लोकांचा थकवा कमी झाला, समाधान वाढलं, आणि पुढच्या काळात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण कमी राहिलं.

मग झालं काय? ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि नव्या साहेबांनी 'स्टार' बंद केलं. आकडे चांगले असूनही. सगळ्यात जास्त शिकण्यासारखं मला या घटनेत वाटतं. मधल्या फळीतले लीड कितीही शिकले तरी वरच्या मजल्यावरचा माणूस बदलला की सगळं पुसलं जाऊ शकतं.

आपल्याकडे काय चित्र आहे? कागदावर वाईट नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. रजेनंतर घरून काम करता येईल अशीही तरतूद आली, पण कशी? कामाचं स्वरूप तसं असेल तर, आणि दोघांच्या संमतीने. या 'संमती'त कोण बसलंय ते ओळखा. तुमच्या रजेच्या अर्जावर 'अप्रूव्ह' दाबणारा तोच. वडिलांसाठी तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, पण खासगी नोकरदारांना अशी रजा देणारा देशभराचा कायदाच नाही. कंपनीने मोठ्या मनाने दिली असली तरी ती घेणाऱ्या बाबाला कँटीनमध्ये ऐकावं लागतं, 'काय रे, बाळंतपण तुझं होतं का?' केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या, घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला १४० मिनिटं देतात आणि पुरुष ७४ मिनिटं, असं दिसलं. त्यातही मुळात देखभालीला हात लावणाऱ्या बायका ४१ टक्के, पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास. कँटीनमधला तो टोमणा आणि हा आकडा यांचा संबंध नाही असं मला तरी वाटत नाही.

जपानने इथे एक गमतीशीर मार्ग काढला. मुलं सांभाळणाऱ्या बापाला तिथे 'इकुमेन' म्हणतात, आणि अशा कर्मचाऱ्यांना साथ देणाऱ्या साहेबासाठी 'इकुबॉस' हा शब्द चालू झाला. 'फादरिंग जपान' या संस्थेने इकुबॉस घडवायची मोहीमच हाती घेतली. त्याही पुढे, एप्रिल २०२२ पासून तिथल्या कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली, की कर्मचाऱ्याने घरी बाळ येणार असल्याचं सांगितलं की कंपनीनेच त्याला रजेची माहिती द्यायची आणि घेणार का ते विचारायचं. बारीक फरक आहे, पण मोठा आहे. मागायची लाज कर्मचाऱ्याच्या डोक्यावरून उतरते. आपल्याकडे मागणारा नेहमी अपराध्यासारखा मागतो, 'सर, एक रिक्वेस्ट होती…'

प्रशिक्षणाच्या या सगळ्या गोष्टी एका मर्यादेपर्यंतच चालतात हेही खरं. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगाराला रजा मागायची तर कोणाला मागायची, लाइनवरच्या सुपरवायझरला की कंत्राटदाराच्या माणसाला? दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दिवसाचा पगार जातो तो जातोच. डिलिव्हरी करणाऱ्या मित्राचा सुपरवायझर तर एक ॲप आहे. बाळाला ताप आलाय म्हणून लॉगिन केलं नाही तर इन्सेन्टिव्ह बुडतो, आणि ॲपला सव्वा तासाचं सत्र देता येत नाही. तिथे कायदाच लागेल, नियमच लागतील. पगारी नोकरीतसुद्धा आठ जणांचं काम पाच जणांवर टाकून वर लीडला 'सहानुभूतीने वागा' असं शिकवणं म्हणजे फाटक्या छत्रीला अत्तर लावणं.

आणि त्या लीडचं काय? तोही बहुतेक वेळा २७-२८ चा असतो. क्लायंट वरून, टीम खालून, आणि मध्ये हा. त्याला लीड का केलं? कारण तो सगळ्यात चांगला कोड लिहायचा, किंवा सेल्सचं टार्गेट सलग तीन तिमाही गाठलं. सोमवारी मेल आला, अभिनंदन. मंगळवारी पोर्टलवर 'अप्रूव्ह' आणि 'रिजेक्ट'ची बटणं दिसायला लागली. प्रशिक्षण झालं ते त्या पोर्टलचं. माणसांचं कोणी शिकवलं नाही. मग तो तेच करतो जे त्याच्या बॉसने त्याच्याशी केलं. मी नाही का घरचं लग्न सोडून काम केलं? मग तू का नाही?

हे सगळं तुम्हाला का सांगतोय, तर तुम्ही आज ज्या लीडला शिव्या घालताय, त्याच्या खुर्चीत बसायला तुम्हाला फार वेळ नाही. कॉलेजातून बाहेर पडल्यावर चार-पाच वर्षांत, कुठे कुठे तीन वर्षांतच, तुमच्या हाताखाली दोन-चार जण येतात. बँकेत असाल, हॉस्पिटलात असाल, शोरूममध्ये असाल, तरी हेच. तेव्हा तुम्हालाही कोणी शिकवणार नाही. कंपनीकडे मागायला हरकत नाही, मागाच. प्रमोशनच्या बोलण्यात पगाराबरोबर विचारा, टीम सांभाळायचं प्रशिक्षण काय देणार? उत्तर न देता समोरचा हसला तर तेही एक उत्तरच आहे. इंटरव्ह्यू देताना 'वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे' असं विचारू नका, त्याला सगळे 'छान' म्हणतात. 'मागच्या वर्षी या टीममधलं कोणी लांब रजेवर गेलं होतं का, आणि तेव्हा त्याचं काम कोणी केलं?' असं विचारा. ज्या टीमला खरंच मांडणी माहीत आहे ती नाव घेऊन सांगेल.

आणि लीड झालातच, तर पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बसा. घरी कोण असतं, कुठल्या महिन्यात अडचण येते, कुठल्या वेळी फोन केलेला चालत नाही, एवढंच विचारा. सांगायचं नसेल त्याला खोदू नका, काहींना ऑफिसात घर आणायचं नसतं आणि तो त्यांचा हक्क आहे. मग एक शीट करा. डाव्या बाजूला कामं, उजवीकडे प्रत्येक कामासमोर दोन नावं. जिथे एकच नाव आहे तिथे लाल रंग. लाल कमी करणं हे तुमचं पहिल्या तिमाहीचं काम. दिवाळी, गणपती, ईद, नाताळ, वर्षभराची ड्युटी आधीच वाटून टाका, फिरती ठेवा, आणि वाटणी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, म्हणजे 'तुझं काय, तू सिंगल आहेस' म्हणायची वेळ येणार नाही. कोणी कोणासाठी जास्तीचं काम केलं तर लिहून ठेवा आणि त्याला ते परत द्या. नुसत्या 'थँक यू'ने नाही, सुट्टीने.

त्या शीटमध्ये स्वतःचं नावही घाला. तुमच्या कामासमोरही दुसरं नाव हवं. कारण कराडहून फोन तुम्हालाही येऊ शकतो, आणि तेव्हा तुमचा मेसेज कोणाकडे जाईल, तर तुमच्या मॅनेजरकडे, ज्याला अजून कोणी काही शिकवलेलं नसेल.